आधी एक पावसाळा जाऊ द्या

परवा भाच्याचा शोरूममधूनच फोन आला. "मामा, लवकर सांगा. सेल्समन म्हणते, आत्ता बुकिंगसंगं अ‍ॅक्सेसरीज घेतल्या तर 20 टक्के सूट, मंग नाही. यादी 41 हजाराची झाली."

म्हटलं, "बाहेर निघ, टपरीवर चहा पी, अन् मंग फोन कर."

3 वर्षांपूर्वी अशाच एका खुर्चीवर मी बसलो होतो. कापसाचे चुकारे नुकतेच हाती आलेले, सगळं घर सोबत, आईच्या पिशवीत पेढे. अशा वेळी तोंडातून "नाही" निघत नाही बुवा. समोर गुळगुळीत कागद: सीट कव्हर, कार्पेट मॅट, क्रोमचे हँडल, डोअर व्हायझर, बॉडी कव्हर. 38 हजार. "लोनमध्येच टाकू सर, हप्त्यात कळणार पण नाही." खरंच नाही कळलं. 9 टक्क्यांनी 5 वर्षं, महिन्याला 790 च्या आसपास. मग एक दिवस पोरीनं कॅल्क्युलेटरवर दाखवलं, 38 चे 47 हजार होतात. खताच्या थैलीमागं 20 रुपयांसाठी दुकानदाराशी हुज्जत घालणारा माणूस मी! बॉडी कव्हर पहिल्याच उन्हाळ्यात वावटळीनं फाडलं. त्याचा हप्ता अजून चालू आहे.

सीट कव्हरची कथा ऐका. लेदर म्हणून दिलेलं ते साधं रेक्झिन. मे महिन्यात तहसीलसमोर दोन तास गाडी उन्हात उभी होती, पारा 45 च्या घरात. पुतण्या हाफ पँटवर टेकला अन् बोंबलतच उठला. तेव्हापासून त्या 11 हजाराच्या कव्हरवर आईच्या जुन्या लुगड्याची घडी असते. मॅटचं तसंच. आमची पांदण काळ्या मातीची. पहिल्या पावसात पायाला लागून आलेला चिखल कार्पेटच्या धाग्यात शिरला, वाळून ढेकळासारखा झाला. ब्रशनं घासा, काठीनं झोडपा, निघतच नाही. ती मॅट आता अंगणात कुत्र्याखाली आहे, अन् गाडीत तालुक्यातून आणलेली उंच काठाची रबरी मॅट. जे खरंच पहिल्या दिवशी हवं होतं ते चाकामागचे मडफ्लॅप, तेही काहीशे रुपयांचे, त्यावर मी टिकच केली नव्हती. दारापर्यंत चिखलाचे फराटे घेऊन गावभर फिरलो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जे फक्त कारखान्यातच बसतं, त्याचा विचार बुकिंगच्या आधी करा अन् तिथं हात आखडू नका. वाढीव एअरबॅग, गाडी घसरताना सावरणारं ईएससी. वरचं व्हेरियंट घेतलं नाही तर हे मागाहून कोणता मेकॅनिक बसवून देणार? उलट टचस्क्रीन, स्पीकर, कव्हर हे तालुक्याच्या दुकानातही मिळतं, अन् त्याला एक उन्हाळा, एक पावसाळा थांबता येतं. आपल्याकडे लोक नेमकं उलटं करतात. खालचं व्हेरियंट घेतात अन् त्याला क्रोमनं मढवतात. पोळ्याला बैल सजवतात तसं. पण बैल सजवण्याआधी आपण त्याचे दात पाहतो ना?

थांबून घेतानाही डोळे उघडे ठेवा. बाजूची एअरबॅग सीटमध्ये असेल तर तिच्या बाजूला शिवण उसवेल असंच कव्हर लागते. शिवून गच्च केलेलं कव्हर एअरबॅगच्या आड येते. स्क्रीन किंवा लाइट लावताना वायर कापू देऊ नका, कपलरनं, म्हणजे खटक्यानं बसणाऱ्या जोडणीनं जोडा, नाही तर पुढे वायरिंगची वॉरंटी नाकारायला गाडीच्या कंपनीला आयतं कारण मिळते. अन् महागडी वस्तू बाहेरून बसवली की बिल विमा कंपनीकडे देऊन पॉलिसीत चढवून घ्या. नोंद नसेल तर क्लेमच्या वेळी ती वस्तू गाडीत नव्हतीच असं धरतात.

बंपरपुढच्या गार्डचं विचारणारे बरेच आहेत. कारण रात्री रस्त्यावर रोही (नीलगाय) नाही तर रानडुक्कर येतेच. पण समोरचं लोखंडी गार्ड डिसेंबर 2017 पासून बेकायदा आहे. धडक बंपरच्या सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही, एअरबॅग वेळेवर उघडत नाही, अन् पायी चालणाऱ्याचे हाल वेगळेच. रात्री वेग कमी ठेवा, दुसरा उपाय मला तरी सापडला नाही. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्येच बंदी घातली. काचेतून पुढं-मागं 70 टक्के अन् बाजूनं 50 टक्के उजेड आत यायलाच हवा. आपल्या उन्हात जीव जाते हे मान्य, पण त्यासाठी काचेला अडकवायचे जाळीचे पडदे घ्या, गाडी उभी केली की लावा.

तर भाच्यानं चहा घेऊन फोन केला. यादी 41 हजारावरून मडफ्लॅप अन् रबरी मॅटवर आली. उरलेल्यात भर घालून वरचं व्हेरियंट.

तासाभरानं परत फोन. "मामा, आता ते क्रोमचा सेट फुकट देतो म्हणते. घेऊ का?"

"त्यापेक्षा तेवढे पैसे गाडीच्या किमतीतून कमी करते का, विचार."

सेल्समन साहेबांना विचारायला आत गेला, तो अजून बाहेर यायचा आहे.