गाडीला हवा मानवली नाही

फोंड्याहून पणजीला रोज दुचाकीने नोकरीला जाणाऱ्या माणसाला आपल्या गाडीची खरी लायकी संध्याकाळी परतताना, म्हार्दोळ मागे टाकून फर्मागुढीची चढण लागली की कळते. माझी गाडी 2008 सालची, दीडशे सीसीची आणि अर्थातच हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरची. गेल्या मे महिन्यात त्या चढणीवर वऱ्हाडाच्या एका मिनीबसने मला मागे टाकले. तेवढे मी सहन केले असते. पण मागच्या खिडकीतल्या एका लहान मुलाने मला हात हलवून जो निरोप दिला, तो काही केल्या मनातून जाईना.

घरी आल्यावर हे दुःख मी भाच्यापाशी बोललो, ही पहिली चूक. तो इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळी सूत्रे पाठ असावीत पण हात अजून कशात अडकलेले नसावेत, असे ते वय असते. "मामा, तुझ्या गाडीला पेट्रोल नको, हवा हवी आहे," तो म्हणाला आणि त्याने कागदावर हिशेब मांडला. दीडशे सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे फिरले, तर दर दोन फेऱ्यांमागे एकदा श्वास घेते. म्हणजे मिनिटाला तीन हजार श्वास आणि कागदावर तरी साडेचारशे लिटर हवा. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते, त्या न्यायाने पंपावर आपण एका लिटरचे पैसे मोजतो तेव्हा त्याच्यासोबत नऊ हजार लिटरच्या आसपास हवा फुकटात जाळत असतो. माझ्यासारख्या नोकरदाराला त्या फुकट शब्दाची भुरळ पडली, हे मान्य केले पाहिजे. आणि एवढी हवा सीटखालच्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यातून, डब्यातल्या कागदी फिल्टरमधून आणि डब्याला जोडलेल्या बोटभर रबरी नळीतून यायची म्हणजे अन्यायच होता. तो डबा काढून कार्बोरेटरच्या तोंडावर थेट एक शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवायचा, असे ठरले.

फिल्टर चार दिवसांत आला. लालभडक जाळी, वर चकचकीत क्रोमचे टोपण. आईने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि हे आत बसवायचे आहे का बाहेर, असे विचारले. आत, सीटखाली, म्हटल्यावर "मग एवढे रंगवले कशाला?" असे म्हणून ती आत निघून गेली. पुढच्या दीड महिन्यात या विषयावर जे जे बोलले गेले, त्यात एवढाच प्रश्न बिनतोड होता.

डबा काढायला एक आख्खा रविवार गेला. जी गाडी सर्व्हिसिंगला पाऊण तासात उघडते, ती आमच्या हातात आल्यावर तिचा प्रत्येक स्क्रू जुन्या वैराची आठवण काढत होता. हवा वाढली की पेट्रोलही वाढवावे लागते, म्हणून भाच्याने कार्बोरेटरच्या तळाची वाटी उघडून त्यातला मेन जेट बदलला. जेट म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, मध्ये आरपार भोक असलेला पितळेचा तुकडा. त्या भोकाच्या मापावर इंजिनला पेट्रोल किती मिळणार ते ठरते आणि माप अंगावर इतक्या बारीक आकड्यांत कोरलेले असते की ते वाचायला मला आईचा चष्मा लावावा लागला. आमचा मूळचा 110 चा निघाला. तो मी जपून खिडकीच्या पट्टीवर ठेवला आणि त्या जागी 115 चा बसवला.

गाडी सुरू झाली तेव्हाचा आवाज मात्र मी नाकारणार नाही. इतकी वर्षे डब्याच्या पोटात दबलेला इंजिनाचा श्वास उघड्यावर आला होता आणि ॲक्सिलरेटर पिळताच मांडीखालून एखाद्या मोठ्या जनावराने हुंकार द्यावा तसे वाटे. मी मंगेशीपर्यंत जाऊन आलो आणि गाडी विमानासारखी पळते, असे घरात जाहीर केले. भाच्याने वेग किती होता म्हणून विचारले. काटा बासष्टवर होता. पूर्वीही तो बासष्टवरच असे. फक्त पूर्वी तो गाजावाजा करत नसे.

तिसऱ्या दिवसापासून लक्षणे दिसू लागली. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून लवंगी फटाक्यासारखे फाट् फाट् बार निघत. एकदा कुंडईच्या उतारावर तसा बार झाला, तेव्हा पुढे चालणाऱ्या एका गृहस्थांनी छत्री ढालीसारखी धरली. सिग्नलला थांबलो की गाडी बंद पडे आणि चोक ओढल्याशिवाय सुरू होत नसे. प्लग काढून पाहिला तर त्याचे टोक चुना फासल्यासारखे पांढरेफटक. टोक बिस्किटाच्या रंगाचे असेल तर प्रकृती उत्तम, काळे असेल तर पेट्रोल जास्त आणि पांढरे असेल तर हवा जास्त, एवढे ज्ञान मला तोवर झाले होते. ज्या गाडीचा श्वास कोंडला म्हणून हा उद्योग केला, तिला आता हवा लागली होती.

भाच्याच्या मते दोष पायलट जेटचा होता. गाडी स्लोवर असताना जो पेट्रोल पुरवतो, तो पायलट जेट. हे संभाषण आम्ही घरात केले असते तर बरे झाले असते. पण मी त्या वेळी पणजीच्या कदंब बसस्थानकाबाहेर उभा होतो आणि रहदारीमुळे फोनवर मोठ्याने बोलावे लागत होते. "अरे, हा पायलट अगदीच कुचकामी आहे, ह्याला काढून दुसरा मोठा पायलट घालू या," असे मी ओरडलो, आणि बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आले की मी पिवळ्या मडगार्डांच्या मोटरसायकलींच्या रांगेला पाठ टेकूनच उभा आहे. ज्या राज्यात मोटरसायकलवरून भाड्याने माणसे नेणाऱ्याला पायलट म्हणतात, तिथे हे वाक्य उच्चारण्याला धैर्य लागते. रांगेतले सगळ्यांत वयस्कर पायलट शांतपणे खाली उतरले आणि माझ्यात काय वाईट दिसले, असे त्यांनी विचारले. मी कार्बोरेटरची सगळी रचना त्यांना समजावून सांगितली. त्यांचा विश्वास बसला असे वाटत नाही, पण त्यांनी प्लग पाहायला मागितला आणि पाहून नुसते "च्च्" केले.

पुढचे पंधरा दिवस आम्ही पायलट बदलला, मेन जेट 120 चा केला, कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या सुईखाली अर्ध्या मिलिमीटरचे वॉशर घालून ती उचलली. आता गाडी पेट्रोल प्यायला लागली. लिटरला पन्नास देणारी गाडी छत्तीसवर आली, प्लग काजळासारखा काळा झाला आणि नेमके त्याच आठवड्यात पीयूसी संपले. माझ्या वयाच्या गाडीला, म्हणजे गाडीच्या वयाच्या गाडीला, धुरात कार्बन मोनॉक्साइड साडेतीन टक्क्यांपर्यंत चालतो. केंद्रावरच्या मुलाने नळी लावली, आकडा पाहिला, नळी काढून झटकली, पुन्हा लावली आणि मग यंत्राकडे न पाहता माझ्याकडे पाहिले.

अशा अवस्थेत पाऊस आला. गोव्यात तो जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास येतो आणि आल्यावर आपण आलो हे कोणाला कळवायचे राहू देत नाही. काळ्या डब्याची ती बोटभर नळी उंचावर, सीटखाली, तोंड वळवून का बसवली होती, हे मला बाणस्तारीच्या पुलावर समजले. मागच्या चाकाने उडवलेले पाणी थेट लाल जाळीवर येत होते. गाडी दोनदा ढेकर देऊन बंद पडली. माझ्याकडे आच्छादनाला दुसरे काही नव्हते. पिशवीतले बांगडे जेवणाच्या डब्यात काढून ठेवले आणि ती प्लॅस्टिकची पिशवी फिल्टरवर बांधली. मिनिटाला साडेचारशे लिटर हा आकडा किती खरा आहे, हे त्याच क्षणी सिद्ध झाले: इंजिनाने पिशवी अशी काही ओढून घेतली की ती जाळीला कातडीसारखी चिकटली आणि गाडी पुलाच्या मधोमध गतप्राण झाली. पिशवीला भोके पाडून मी कसाबसा घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीभोवती गल्लीतली तीन मांजरे बसली होती आणि त्यांची नजर कार्बोरेटरवर होती.

शेवटी गाडी ढकलत गॅरेजमध्ये नेली. आमच्या मेस्त्रीने सीट उचलली, लाल शंकूकडे थोडा वेळ पाहिले आणि त्याचा वास घेतला. "डबो कित्याक काडलो तुवें?" एवढेच तो म्हणाला. मी भाच्याचा हिशेब सांगितला. त्यावर त्याने दिलेले स्पष्टीकरण मी माझ्या भाषेत देतो, कारण त्याच्या भाषेत माझ्याविषयीची काही विशेषणे होती. या कार्बोरेटरमधली पेट्रोलची सुई केबलने वर होत नाही. आपण केबलने फक्त एक झडप उघडतो, आणि सुई ज्या स्लाइडला लावलेली असते ती स्लाइड इंजिनाच्या ओढीने, रबरी पडद्याच्या जोरावर, आपली आपण वर येते. म्हणून तिला आजूबाजूची हवा स्थिर लागते. वाऱ्याची प्रत्येक झुळूक, शेजारून गेलेला प्रत्येक ट्रक थेट तिच्या तोंडावर आला तर ती गोंधळते. "तुमच्या घराला बाल्कांव आहे ना, पात्रांव?" त्याने विचारले. "आलेला माणूस आधी तिथे टेकतो, घाम पुसतो, मग आत येतो. हा डबा म्हणजे हवेचा बाल्कांव. तुम्ही तो पाडलात आणि पाहुण्यांना थेट स्वयंपाकघरात घेतले."

2020 च्या एप्रिलपासून बीएस सहा हा प्रदूषणाचा निकष आल्यावर नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी पेट्रोल फवारणारे इंजेक्शन आले आणि हे सगळे काम एक संगणक पाहू लागला, त्यामुळे पुढच्या पिढीतल्या भाच्यांना मामांच्या गाड्यांवर एवढा हात चालवता येईल असे वाटत नाही. माझा भाचा मात्र त्या दिवशी गॅरेजमध्येही सोबत होता आणि दोष फिल्टरचा नसून त्यामागच्या सुईचा आहे, असे हळू आवाजात मला सांगत होता.

डबा माळ्यावर सुरक्षित होता. अडचण जेटची होती. डबा परत बसवायचा तर मूळचा 110 चाच हवा; मेस्त्रीकडे त्याच्या खालचे होते, वरचे होते, तोच नव्हता. खिडकीची पट्टी रिकामी. मी केर उपसला, अंगणातल्या तुळशीभोवतीची माती चाळली, दोन दिवस बसने पणजीला गेलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी सहज देवघराकडे नजर गेली, तर ताम्हनात, पळी आणि घंटेच्या मध्ये, तो उभा होता. आईला तो खिडकीत सापडला होता. पितळेचे आहे म्हणजे देवाचेच काहीतरी निखळलेले असणार, असा विचार करून ती गेला दीड महिना दर सोमवारी इतर भांड्यांबरोबर तोही बिंबलांनी, म्हणजे त्या आंबटढाण फळांनी, घासत होती.

मेस्त्रीने तो चिमटीत धरून बल्बच्या उजेडात भोकातून पाहिले. आत कणभर मळ नव्हता. अंगावरचा आकडा मला चष्म्याशिवाय वाचता येत होता. त्याने आपल्या कपाटातला, दुसऱ्या कोणत्या तरी गाडीचा, हिरवा पडलेला जेट काढून शेजारी ठेवला आणि दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले.

"कुठला क्लीनर हा?"

मी सांगितले.

मजुरीचे साडेतीनशे रुपये झाले होते. त्याने तीनशे घेतले आणि येत्या सोमवारी पावशेर बिंबले आणून द्यायला सांगितले.