बाधेल हं!

मला सर्दी झाली की आमच्या घरात जो उत्साह संचारतो, तो माझ्या पगारवाढीच्या वेळीही कधी संचारला नव्हता. पगारवाढीत इतरांना बोलायला फारसा वाव नसतो. सर्दी मात्र सार्वजनिक मालमत्ता आहे. पहिली शिंक पुरती बाहेर पडायच्या आत निदान झालेलं असतं. "परवा रात्री दही खाल्लंस ना!" हे आईचं. बायकोच्या मते दही निर्दोष आहे, खरं कारण केळं. शेजारच्या काकू विरजण मागायला येतात आणि जाताजाता सीताफळाचं नाव टाकून जातात.

सर्दी विषाणूंमुळे होते, त्यातल्या नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचे 100 हून जास्त प्रकार आहेत आणि ते बऱ्याचदा आपल्याच हातावरून आपल्याच नाकात जातात, असं मी एकदा सांगून पाहिलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आई म्हणाली, "असतील की. पण केळं खाल्ल्याशिवाय त्यांना आत कोण घेतंय?"

त्यानंतर पथ्य सुरू होतं. केळं थंड, पेरू थंड, काकडी थंड, ताक थंड, भातसुद्धा थंड. मग उष्ण काहीतरी द्या, म्हटलं तर आंबा, पपई, शेंगदाणे, अंडी यांच्याकडेही फिरकायचं नाही, कारण उष्णतेचीही सर्दी असते. वैद्य मंडळी उष्ण-शीत ठरवताना माणसाची प्रकृती, ऋतू, प्रमाण असं बरंच काही बघतात म्हणे. आमच्याकडे फक्त ताट बघतात. दूध तर पहिल्याच फेरीत बाद, कारण कफ होतो. दूध लाळेत मिसळलं की घशाला थोडा वेळ जाडसर वाटतं, तेवढंच. त्यानं जास्तीचा कफ काही तयार होत नाही. पण हळद घातली की तेच दूध रात्री औषध म्हणून येतं आणि ते संपवल्याशिवाय सुटका नसते.

आमच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "काहीही खा." घरी आल्यावर आईनं विचारलं, "पथ्य काय सांगितलं?" काही नाही म्हटल्यावर तिचा चेहराच उतरला. पैसे घेऊन पथ्य न सांगणारा डॉक्टर म्हणजे ज्ञान अपुरं किंवा पेशंटबद्दल आस्था नाही. दुसऱ्या खेपेला ती बरोबर आली. डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि गंभीर आवाजात म्हणाले, "आंबट, तेलकट, थंड, सगळं बंद." आईनं बाहेर पडताना सांगितलं, "हुशार आहे हो." त्यांच्या दवाखान्याबाहेर चपलांचा ढीग असतो, तो उगाच नाही.

आता माझा एक जुना संशय आहे, तो सांगतो. लहानपणी खाण्याबद्दल आपल्याला काय काय सांगितलं होतं, ते आठवून बघा. कच्चे तांदूळ खाल्ले की लग्नात पाऊस पडतो. कढईत जेवलं तरी पाऊसच. गूळ खाल्ला की जंत होतात. चहा प्यायला की माणूस काळा पडतो. शेंगदाण्यांवर पाणी प्यालं की खोकला. कलिंगडाची बी गिळली की पोटात वेल. कलिंगडावर पाणी तर अजिबात प्यायचं नाही. कलिंगडात 92 टक्के पाणीच असतं, तेव्हा तो नियम पहिल्या घासालाच मोडतो, पण ते असो.

यातला एकही नियम दुधीला लागू नाही. दुधी खाल्ला की लग्नात पाऊस पडतो, असं कुठल्याही आजीनं कधी म्हटलेलं नाही. कारल्यानं जंत होत नाहीत. शेपू कितीही खा, कोणी काळं पडत नाही. बाधतं ते सगळं डब्यातलं, बरणीतलं, फडताळातलं, म्हणजे पोरं मूठ मारतील असं. त्यामुळे मला दाट शंका आहे की आपलं निम्मं आहारशास्त्र हे कोठीच्या खोलीच्या किल्ल्या कनवटीला लावून फिरणाऱ्यांनी रचलंय. घरात आठ-नऊ पोरं, साखर रेशनवर, गुळाची ढेप महिनाभर पुरवायची. बाई निवडायला तांदूळ घेऊन बसली की येताजाता प्रत्येक कार्टं एकेक चिमूट तोंडात टाकणार. कितीदा हातावर फटके मारणार? त्यापेक्षा लग्नात पाऊस पाडलेला बरा. जंतांची अंडी मातीतून आणि न धुतलेल्या हातांमधून पोटात जातात, गुळाचा त्यात काही हात नाही. पण "हात धू" म्हटल्यानं ढेप वाचत नाही.

माझं लग्न मे महिन्यात झालं, भर दुपारी, कडकडीत उन्हात. तांदूळ मी भरपूर खाल्ले होते. धाकट्या भावाच्या लग्नात मात्र ऐन डिसेंबरात मांडव गळला. आजी तृप्त होऊन म्हणाली, "बघितलंस? हा लपून खायचा."

लोणच्याच्या बरणीचं प्रकरण मात्र मला विनोदी वाटत नाही. पाळी आलेल्या बाईचा हात लागला की लोणचं नासतं, हे अजूनही शिकल्यासवरल्या घरांत चालतं. लोणचं टिकतं मीठ, तेल आणि आंबटपणाच्या जोरावर, आणि बिघडतं ते ओल्या चमच्यानं. आमच्याकडची बरणी एका वर्षी नासली, तेव्हा त्या महिन्यात तिला हात लावणारे घरात फक्त वडील होते. बुरशीला तिथी-वार कळत नाहीत, पाणी कळतं. वडिलांना कोणी चार दिवस बाजूला बसवलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

आमचं मूळ गाव कोकणात, त्यामुळे घरात एक जादा कलम आहे. फणसाच्या गऱ्यांवर विडा खायचा नाही, पोट फुटतं. कोणाचं फुटलं, असं विचारलं की उत्तर तयार असतं, "वरच्या वाडीतला एक होता." मी चिकाटीनं वरच्या वाडीत जाऊन चौकशी केली. तिथं म्हणाले, हो हो, खालच्या वाडीतला होता. मासे खाऊन दूध प्यायलं की कोड येतं, हेही असंच. कोड येतं ते आपल्याच शरीराची संरक्षण यंत्रणा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते म्हणून. तिकडे बंगाली माणूस दह्यात मासा शिजवतो, त्याला दोई माछ म्हणतो आणि पाहुण्यांना वाढतो. हे मावशीला सांगितलं तर म्हणाली, "त्यांचं पाणी वेगळं."

बाकी नियम करणाऱ्यांनी स्वतःची सोय चोख केलेली असते. एकादशी घ्या. "पोटाला विश्रांती" म्हणून आई साबुदाण्याची खिचडी करते. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, त्या जवळजवळ सगळ्या पिठूळ, वर दाण्याचं कूट, बटाटा आणि तूप. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे कोणी उगाच म्हटलेलं नाही. त्यात साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिकडचाच, बटाटा तिकडचा, मिरचीही अमेरिका खंडातली. हे सगळं युरोपियनांच्या जहाजांमागून इकडे आलं. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळी कोणी ही खिचडी करायला घेतली असती, तर कढईत तूप, जिरं आणि मीठ एवढंच उरलं असतं. हे ऐकून आई क्षणभर विचारात पडली. मग म्हणाली, "म्हणूनच ते संत झाले," आणि मला आणखी एक डाव वाढला.

मीठही उपासाला सैंधव लागतं. हल्ली तेच गुलाबी मीठ हिमालयाचं नाव लावून देखण्या बाटलीत चौपट भावानं मिळतं. येतं पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून, आणि असतं बहुतांशी साधं सोडियम क्लोराइडच. मामांना मधुमेह आहे, म्हणून ते साखरेचा चहा पीत नाहीत, गुळाचा पितात, आणि तोही दोन कप जास्त, कारण गूळ 'नैसर्गिक'. साखरेचा ऊस जणू कारखान्यातच उगवतो. रक्तातली साखर या भेदभावाला भीक घालत नाही, हे त्यांना दर तीन महिन्यांनी रिपोर्टमध्ये कळतं. मग ते लॅब बदलतात.

लेकीनं चायनीज मागवलं की आई दाराशी उभी राहून म्हणते, "त्यात ते अजिनोमोटो असतं." 1908 साली टोकियोत किकुनाए इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ती चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं, अजिनोमोटो म्हणजे त्याचंच मीठ. पुढे 1968 मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र आलं, की चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, छातीत धडधडतं. कारण सोया सॉस असेल, स्वयंपाकातली वाइन असेल, जास्तीचं मीठ असेल किंवा हे असेल, असा सगळा अंदाजच होता. बाकीचे सुटले, हे एकटं अडकलं. तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत भरपूर असतं, आणि आईचं टोमॅटोचं सार आमच्या सगळ्या नात्यात प्रसिद्ध आहे. पण हे मी तिला सांगितलेलं नाही. मला सार आवडतं.

लेकीचे स्वतःचे वेगळे निषेध आहेत. ती गव्हापासून सुरुवात करते आणि कुठे थांबेल हे तिच्या मोबाइलवर अवलंबून असतं. ते रोज बदलतात म्हणून लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

मागच्या महिन्यात मात्र मोबाइलनं आईलाच गाठलं. नात्यातल्या ग्रुपवर व्हिडिओ आला. बाजारात प्लास्टिकचा तांदूळ आलाय, ओळखायची खूण म्हणजे भाताचा गोळा करून आपटा, चेंडूसारखा उडाला तर प्लास्टिक. शिजलेल्या भातातला स्टार्च चिकट असतो, घट्ट वळला तर कुठलाही भात थोडा उडतोच, आणि प्लास्टिक तांदळापेक्षा महाग पडतं, तेव्हा असली भेसळ करणाऱ्याचं दिवाळं निघेल, असं मी म्हणेपर्यंत आईनं गोळा वळलाही होता. तिनं तो ओट्यावरून खाली सोडला. उडाला. आम्ही सगळे बघत राहिलो. तिनं पुन्हा सोडला. पुन्हा उडाला.

आई कोपऱ्यातल्या 25 किलोच्या कट्ट्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली. आठवडाही झाला नव्हता तो आणून. मी विचारलं, "मग? टाकून द्यायचा?"

"टाकून कसा द्यायचा?" ती म्हणाली. "आंबोळ्यांना चालेल."