जुनी सायकल म्हणजे भंगार? एका मेसेजला उत्तर

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधी तालुक्याच्या बाजारात जुन्या सायकलींची विचारपूस सुरू होते आणि नेमका त्याच वेळी गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा : ‘पालकांनो, जुनी सायकल घेऊन मुलांच्या जिवाशी खेळू नका. जुनी सायकल म्हणजे भंगार, महिनाभरात नव्याइतका खर्च लावते. कंपन्या बंद पडल्या, पार्ट मिळत नाहीत. ब्रेक लागत नाहीत. बिनगियरची सायकल खेड्यातल्या रस्त्यावर चालत नाही. आपल्या उन्हात सायकल म्हणजे उष्माघात, गुडघे झिजतात ते वेगळं. चोरीची निघाली तर पोलीस दारात. त्यापेक्षा मुलीला सरळ स्कूटी घेऊन द्या.’

मेसेज लिहिणाऱ्याला मुलांची काळजी असेलही. पण तो वाचून घाबरलेला बाप नवी सायकल घेत नाही, कारण साधी नवी सायकलसुद्धा पाच-सहा हजारांच्या आत येत नाही आणि पेरणीच्या तोंडावर तेवढे पैसे बियाण्या-खताला लागतात. मग होतं काय, तर पोरगी पायी जाते. आमच्या भागात कित्येक गावांतली शाळा सातवीपर्यंतच आहे. आठवीसाठी चार-पाच किलोमीटरवरचं गाव गाठावं लागतं. एसटी वेळेवर आली तर ठीक, नाहीतर तास बुडतो. असे तास बुडता बुडता शाळाच सुटते. म्हणून या मेसेजमधल्या एकेका मुद्द्याला उत्तर द्यायला हवं. मी गावात संध्याकाळी जुन्या सायकली उघडून बसवतो, तेव्हा जे लिहितोय ते हाताखालून गेलेलं आहे.

पहिला मुद्दा भंगाराचा. हा सगळ्यात मोठा, म्हणून यावर जरा थांबतो.

आपल्याकडची काळी, दांड्याच्या ब्रेकची, २८ इंची चाकांची सायकल लोखंडी नळ्यांची असते आणि त्या नळ्या जोडावर पितळेने झाळलेल्या असतात. अशी फ्रेम वाकली नसेल, तडकली नसेल आणि आतून गंजून पोकळ झाली नसेल तर ती चाळीस वर्षांनीही फ्रेमच असते. झिजतात त्या वस्तू वेगळ्या : चेन, फ्रीव्हील (मागच्या चाकाची दात्यांची चकती), टायर-ट्यूब, ब्रेक रबर, चाकातले छर्रे, ते ज्यावर फिरतात तो कोन, पायडलचा दांडा एक्सलला धरून ठेवणारी कॉटर पिन. या सगळ्या बदलायच्याच वस्तू आहेत. नव्या सायकलीतही त्या झिजणारच. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो ते मिस्त्री एकच सांगायचे, “पहिले फ्रेम पाय भाऊ, बाकी सारं भेटते बाजारात.”

फ्रेम पाहायची कशी? सायकल उन्हात उभी करा. हँडलखालच्या नळीला जिथे दोन आडव्या नळ्या येऊन मिळतात, तिथे खालच्या अंगाने बोट फिरवा. रंगाला सुरकुत्या पडल्या असतील, बोटाला फुगवटा लागत असेल, तर ती सायकल समोरून कशावर तरी जोरात आदळलेली आहे. ती घेऊ नका, कितीही स्वस्त मिळू दे. मग बाजूने उभं राहून पुढचं चाक धरणारा चिमटा पाहा. त्याचा बाक पुढे असतो. तो सरळ झालेला किंवा मागे ढकललेला दिसला तर तोही आपटलेला. शेवटी पायडलच्या एक्सलभोवतीचे जोड कापडाने पुसून बघा, तिथे केसासारखी रेघ दिसली तर ती चीर असते. एवढं तपासायला चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही.

चेनसाठी शाळेची फूटपट्टी पुरते. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. चांगल्या चेनची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती इंचाचा आठवा भाग पुढे सरकली असेल तर चेन गेली. आणि अशी चेन बरेच दिवस चालवली असेल तर तिने फ्रीव्हीलचे दातेही खाल्लेले असतात, तेव्हा दोन्ही सोबत बदला. पायडल मारताना दर फेऱ्याला ‘टक’ असा आवाज येत असेल तर बहुतेक वेळा कॉटर पिन सैल असते. ती फार तर एका चहा-नाश्त्याच्या पैशात येते. लोक मात्र त्या आवाजाला भिऊन सायकल भंगारवाल्याला देऊन टाकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता ओव्हरऑइलिंग, म्हणजे चाक उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरणं. मागचं चाक काढून एका बाजूचा कोन सोडवला की आतून काजळासारखं काळं ग्रीस निघतं. छर्रे ताटलीत पाडायचे, डिझेलमध्ये धुवायचे, कोनावर नख फिरवायचं. नख अडकलं तर कोनाला खड्डे पडलेत, कोन बदला. छर्रे तर सगळेच नवे टाका, त्यात काटकसर नको. नवं ग्रीस भरून कोन आवळताना हात सांभाळावा लागतो. जास्त आवळला तर चाक जड, सैल ठेवला तर डुगडुग. बरोबर बसला की नाही हे चाकच सांगतं : चेन उतरवलेली असताना सायकल उचलून व्हॉल्व्ह बाजूला आणून हात सोडा. चाक आपोआप हलून, पुढे-मागे झोके घेत, जड बाजू खाली येऊन थांबलं पाहिजे. व्हॉल्व्ह असतो तिथेच अडकून राहिलं तर कोन थोडा मागे घ्या. हे काम कोणताही दहावीचा पोरगा एका सुटीत शिकतो. हजार-दीड हजाराची सायकल आणि वर सगळं झिजकं सामान नवं टाकलं, तरी नव्या सायकलीच्या निम्म्याच्या आसपास खर्च येतो. ‘महिनाभरात नव्याइतका’ हे खोटं आहे. फ्रेम न बघता सायकल घेतली तर मात्र खरं ठरू शकतं, तेवढं मान्य करतो.

‘कंपन्या बंद पडल्या, पार्ट मिळत नाहीत’ यातला पहिला अर्धा भाग काही अंशी खरा आहे. ॲटलस या सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद झाला आणि तेव्हापासून ‘ॲटलस घेऊ नका’ हे लोकांच्या डोक्यात बसलं. पण या साध्या काळ्या सायकलीचं वैशिष्ट्यच हे की तिचं सामान कंपनीचं नसतं, मापाचं असतं. ॲटलसच्या फ्रेमला हीरोचं चाक बसतं, एव्हनचा चिमटा बसवता येतो. अर्ध्या इंचाच्या पिचची, म्हणजे दोन पिनांत अर्धा इंच अंतर असलेली, चेन सगळ्यांना तीच. लुधियानाचे छोटे-मोठे कारखाने हे सामान बनवतात आणि ते हिंगणघाट, वणी, पुसद अशा कोणत्याही गावच्या सायकल दुकानात टांगलेलं असतं. सामान मिळायची अडचण येते ती उलट नव्या फॅन्सी सायकलींची. मागच्या शॉकअपची बुशिंग, प्लॅस्टिकचं गियर हँडल, एखाद्याच मॉडेलला बसणारी डिस्क. तालुक्यात मिळत नाही, नागपूरला विचारा म्हणतात. जुन्या घ्यायच्या असतील तर अशा सायकली खरोखर टाळा. इथे मेसेजचा इशारा लागू पडतो.

ब्रेकचा मुद्दा गंभीर आहे, त्याला हसण्यावारी नेणार नाही. पण ब्रेक न लागण्याचं कारण सायकलीचं वय नसतं. रबर दगडासारखं कडक झालेलं असतं, दांड्याचे नट सैल झालेले असतात, नाहीतर चाक आऊट असतं, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डुलतं. रबर नवं घाला, नट आवळा, मिस्त्रीकडून चाकाचा आऊट काढून घ्या. मग परीक्षा करा : पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक फिरता कामा नये. मागचा दाबून ढकला, चाक फरफटलं पाहिजे. एवढं झाल्याशिवाय मुलाच्या हातात सायकल देऊ नका.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही पण असायला हवी होती. क्रोमची लोखंडी रिम ओली झाली की रबर तिच्यावर घसरतं आणि सायकल थांबायला कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर लागतं. हे नव्या सायकलीलाही तितकंच लागू आहे. पावसाळ्यात उतार यायच्या आधीच ब्रेक हलका धरून रिम पुसून घ्यायची, मग दाबायचा, हे मुलांना शिकवा. आणि मागे लाल रिफ्लेक्टर लावाच. दिवाळीनंतर जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या अंधार पडल्यावरही धावतात. आपल्या रस्त्यावर मुलांना खरा धोका मागून येणाऱ्या गाडीचा आहे.

‘बिनगियरची चालत नाही.’ परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा असेल तर गियर हवेत, यात वाद नाही. पण वर्ध्याच्या, अमरावतीच्या सपाट पट्ट्यात रोज पाच किलोमीटर जायला गियर लागत नाहीत. साध्या सायकलीला बहुतेक पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. यवतमाळकडच्या चढांवर हे जड जात असेल तर मागे २२ दात्यांचं फ्रीव्हील टाका. एका फेऱ्यात साडेचार मीटर जाईल, वेग थोडा कमी होईल, पण पोरगी उतरून ढकलणार नाही. चेन आखूड पडली तर एक जोड वाढवावा लागतो, बाकी काही नाही.

उलट आपली काळी माती गियरची वैरी आहे. पांदणीतून एकदा पावसात गेलं की मडगार्ड आणि टायरच्या मध्ये चिखल इतका भरतो की चाकच फिरत नाही. साध्या सायकलीत तो काडीने काढून पुढे जाता येतं. गियरची यंत्रणा मागच्या चाकाशी खाली लोंबत असते. तिच्यात चिखल भरतो, एखादी तुराटी किंवा पऱ्हाटीचं फाटं अडकतं आणि ती सरळ चाकाच्या तारांमध्ये ओढली जाते.

राहिला उन्हाचा मुद्दा. मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर असताना भर दुपारी सायकल चालवू नये, हे खरंच. बारा ते चार घरातच राहावं. पण तेव्हा शाळा बंद असते, आणि मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे शाळा सकाळची असते. सुटल्यावर घरी येताना ऊन लागतं, आणि तुलना तिथेच करायला हवी. ज्या मुलीकडे सायकल नाही तिच्याकडे एसीची गाडी नाही. तिला पाच किलोमीटर पायी यायला तास लागतो; सायकलवर वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे ऊन निम्म्याहून कमी वेळ. डोक्याला दुपट्टा आणि सोबत पाण्याची बाटली हवीच, दोन्हीकडे. सायकललाही ऊन बाधतं : टायर उन्हात ठेवला की कडेने चिरा पडतात. तिला झाडाखाली उभी करा.

गुडघ्यांबद्दल एवढंच सांगतो. सायकल चालवताना शरीराचा भार सीटवर असतो, गुडघ्याला चालण्या-धावण्याइतका दणका बसत नाही. गुडघे दुखतात ते बहुतेक सीट फार खाली असल्यामुळे. पाय जमिनीला टेकावेत म्हणून आपण ती खाली ठेवतो. टाच पायडलवर ठेवून पायडल तळाला न्या. पाय सरळ झाला की उंची बरोबर. मग चवड्याने चालवा. शिकाऊ लहान मुलांची सीट थोडे दिवस खाली असू द्या.

चोरीच्या सायकलीची भीती रास्त आहे आणि उपाय सोपा आहे. फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो, सहसा पायडलच्या एक्सलखाली किंवा सीटच्या नळीजवळ. तो घासून काढलेला दिसला तर हात लावू नका. विकणाऱ्याकडून नाव, गाव, नंबर, किंमत, तारीख आणि सही असलेली चिठ्ठी घ्या. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसं वाटायला कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या ३१७व्या कलमाखाली गुन्हा होतो. नंबर तपासून, चिठ्ठी घेऊन उघड बाजारात व्यवहार करणाऱ्याला भिण्याचं कारण नाही.

स्कूटीचा सल्ला मात्र मला धोक्याचा वाटतो. आठवी-नववीतल्या मुलीला कोणत्याही स्कूटीचं लायसन्स मिळत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या १९९-ए कलमाप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. पालकांच्या काळजीपोटी लिहिलेल्या मेसेजने पालकांना हा रस्ता दाखवावा, हे पटत नाही.

आणि सायकलने मुलींचं काय होतं हे मोजून झालेलं आहे. बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल असलेल्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं आणि मुला-मुलींमधलं अंतर ४० टक्क्यांनी घटलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात येणाऱ्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. तुमचा तालुका त्यात आहे का, हे शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा. नसेल किंवा पैसे यायला उशीर होत असेल, तर बाजारात जुनी सायकल बघायला जा. सोबत फूटपट्टी न्या, आणि सायकल चालवणारी पोरगीही, कारण सीटचं माप तिच्याच पायाने घ्यायचं आहे.