आवड म्हणे आवड!

"ताई, तुम्हाला प्राण्यांची आवड आहे ना, म्हणून आणलं." यापुढे माझ्या दारात हे वाक्य जो बोलेल, त्याच्या हातात मी सिरिंज देणार आणि आत जाऊन झोपणार. आवड लोकांना गाण्याची असते, फिरायची असते. पहाटे तीनला उठून डोळे न उघडलेल्या खारीच्या पिल्लाला कुत्र्याच्या पिल्लांचं पावडरचं दूध थेंब थेंब पाजायचं, मग कोमट ओल्या कापसाने पुसून पुसून त्याला शू करवायची, कारण एवढ्याशा जिवाला ते आपलं आपण जमत नाही. ही आवड होय?

घरात तीन कुत्री, पाच मांजरं. बाथरूममध्ये पंख मोडलेलं घुबड. ते उंदीर अख्खा गिळतं आणि केसाहाडांचा करडा गोळा बरोब्बर साबणदाणीत ओकतं. नवरा तीन आठवडे किचनच्या सिंकवर दाढी करतोय. बोका दिवसभर बाथरूमच्या दाराच्या फटीत पंजा घालून बसलेला. पण याबद्दल माझी तक्रार नाही, हे सगळं मी ओढवून घेतलंय.

तक्रार आज सकाळच्या बुटाच्या खोक्याबद्दल आहे.

आत बुलबुलाचं पिल्लू. अंगभर पिसं, शेपूट आखूड, पाय धडधाकट. "खाली टुणटुण उड्या मारत होतं ताई, उडताच येत नव्हतं!" अहो, नाहीच येत! या वयाची पिल्लं घरट्यातून उतरतात आणि नीट उडता येईपर्यंत काही दिवस खालीच, झुडपांत असतात. आईबाप तिथेच येऊन भरवतात. मांजर-कुत्रं जवळ असेल तर उचलून शेजारच्या झुडपात ठेवायचं, बास. "पण माणसाचा हात लागला की आई जवळ घेत नाही ना?" कोणी सांगितलं हे? घेते. पिल्लू ओरडलं की येते.

बरं, उचललं ते उचललं, वर रात्रभर ड्रॉपरने दूध पाजलं! पाखरांना दूध पचत नाही. शिवाय त्यांच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागेच असतं, वरून काही ओतलं की सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. चोचीच्या कडेला वाळलेल्या दुधाचं कवच, छातीची पिसं चिकटून काड्या झालेली. काल संध्याकाळपर्यंत याला काहीही झालेलं नव्हतं हो.

"कुठल्या झाडाखाली सापडलं?" हे विचारेपर्यंत गृहस्थ ऑफिसला उशीर होतोय म्हणून बाइकवर. जागा कळली असती तर मी आत्ता नेऊन ठेवलं असतं. आता उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर अर्ध्या तासाला चिमट्याने किडे भरवा, तेही गप्प बसून, लाड न करता, नाहीतर माणसालाच आई समजून बसेल. तोवर तिकडे कुठेतरी दोन बुलबुल चोचीत अळ्या घेऊन हाका मारत फिरत असणार.

दुपारी मेसेज आला. "पिल्लू कसंय ताई? फोटो पाठवा ना, मुलगी विचारतेय." मी लिहिलं, "झाड कुठलं ते सांगा." तीन तास झाले. दोन निळ्या टिका, उत्तर नाही.