एका फवारणीत बोंडअळी संपत नाही

मुंबईत नोकरीला असलेले आम्ही विदर्भातले बरेच जण सध्या कपाशीबद्दल एकच मेसेज गावाकडे पाठवतोय: "नवीन पिढीचं कीटकनाशक आलंय. पेरणीनंतर महिन्याभरात एकदा फवारा. मावा, तुडतुडे, बोंडअळी सगळं साफ. औषध नवीन असल्यानं किडीला सवय होत नाही, माणसालाही धोका नाही." गोरेगावच्या माझ्या शेजाऱ्यानं तो वडिलांना पाठवला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी औषधासाठी पैसे मागितले.

"सगळं साफ" इथंच मोठी चूक आहे. बाजारातली दोन कीटकनाशकं बघा. फ्लोनिकॅमिडनं मावा-तुडतुड्यांचं रस शोषणं थांबतं, अळीला त्याचं काही नाही. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल अळीसाठी आहे, रसशोषक किडींसाठी नाही.

आणि महिन्याभरात कशाला? तेव्हा पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, धड पातेही (कळ्याही) लागलेले नसतात. गुलाबी बोंडअळी फुलांत आणि बोंडांत जगते. अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात ती आत शिरते, शिरल्याचं छिद्र बुजतं, मग कितीही महागाचं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून पाते लागायच्या सुमारास हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावायचे. सलग 3 रात्री दर सापळ्यात 8-8 पतंग आले, किंवा 100 फुला-बोंडांमागे 10 किडलेली दिसली (डोमकळ्या, म्हणजे अळीमुळं न उमललेली फुलं, त्यातही धरा), की फवारायचं. त्याआधी फवारलं तर मावा खाणारे लेडीबर्ड आणि क्रायसोपा हे मित्रकीटक नाहक मरण्याची भीती.

सवयीचं म्हणाल, तर बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी बीटी कपाशीही 2002 मध्ये नवीनच होती, तिचं पुढचं वाण बोलगार्ड-2 2006 मध्ये. गुलाबी अळीनं दोन्ही पचवली आणि 2017 मध्ये विदर्भातली बोंडं पोखरली. औषधाचा गट बदलत राहा, फरदड (वेचणी झाल्यावर तीच पऱ्हाटी ठेवून पुन्हा घेतलेलं पीक) घेऊ नका, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा. नुसत्या नव्या डब्यानं हे टळत नाही.

धोका नाही, हे वाचून मात्र मला राग आला. त्याच 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20हून जास्त माणसं गेली. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत फवारताना औषध तोंडावरच येतं. डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याकडे पाठ, आणि दोन-तीन औषधं मनानं एकत्र कालवणं बंद.

शेजाऱ्यानं काल वडिलांना फोन करून हे सगळं सांगितलं. औषधाचे पैसे थांबवलेत, सापळ्यांचे पाठवलेत.