उताराचे पैसे कशाचे?

आमच्या दहावी १९९१ बॅचच्या ग्रुपवर कुठलाही प्लॅन रात्री साडेअकराला ठरतो आणि सकाळी सातला गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो, आजपर्यंत असंच चालत आलंय. हा एकच प्लॅन जगला कारण मॉनिटरने रात्रीच तिकिटं काढून टाकली. मॉनिटर म्हणजे वर्गाचा मॉनिटर, पस्तीस वर्षं झाली तरी अजून आमची नावं फळ्यावर लिहितो, फक्त फळ्याऐवजी एक्सेल आलंय.

प्लॅन असा की जावळी तालुक्यातल्या एका शाळेत वीस मुली रोज पाच-सहा किलोमीटर चालत येतात, त्यांना सायकली द्यायच्या. त्यासाठी आपण चौघांनी, म्हणजे मॉनिटर, ढापण्या, डॉक्टर आणि मी, व्हिएतनाममध्ये हुए ते होई आन सायकल चालवायची, मध्ये हायवान घाट, एकूण साधारण १३० किलोमीटर, आणि लोकांनी आपल्याला किलोमीटरमागे पैसे द्यायचे. मुलींनी साताऱ्यात सायकल चालवावी म्हणून आम्ही व्हिएतनामात का चालवायची हे मी विचारलं, तर मॉनिटर म्हणाला की साताऱ्यात चालवली तर कोण पैसे देईल. हे मला तेव्हा पटलं होतं, काय सांगू.

बायकोला पटलं नाही. मेथी निवडता निवडता तिने विचारलं, सायकल केवढ्याला? म्हटलं साडेपाच हजार. तुमचा खर्च? म्हटलं माणशी सत्तर, पण तो आम्ही आमच्या खिशातून करतोय, देणगीला हात लावणार नाही. ती दोन काड्या निवडून म्हणाली, "चौघांचे दोन लाख ऐंशी, म्हणजे पन्नास सायकली झाल्या. मुली वीसच आहेत ना?" मी मॉनिटरला फोन लावून तिच्या हातात दिला. मॉनिटर म्हणाला, "वहिनी, याला अवेअरनेस म्हणतात." वहिनी म्हणाल्या, "बरं," आणि कुकर लावला.

स्पॉन्सर गोळा करायचं काम माझ्याकडे, कारण मी विमा एजंट, मला बघून रस्ता बदलायची लोकांना आधीपासून सवय आहे त्यामुळे मला अपमान कमी वाटेल असं ग्रुपचं मत पडलं. पहिलाच प्रश्न सगळ्यांचा एकच, "म्हणजे तुम्ही फिरायला जाणार आणि पैसे आम्ही द्यायचे?" दुसरा प्रश्न, ऐंशी-जी, म्हणजे देणगीवरची इन्कम टॅक्सची सूट, मिळेल का. मिळेल, पण रोख दोन हजारांच्या वर दिले तर सूट नाही, असं म्हटल्यावर ज्यांना दोनशेच द्यायचे होते ते पण म्हणाले मग राहू दे. न्यू जर्सीचा मावसभाऊ मात्र उदारपणे म्हणाला पाचशे डॉलर पाठवतो. पण तो आता अमेरिकन सिटिझन, त्याचे पैसे घ्यायचे तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायचं रजिस्ट्रेशन पाहिजे, ते नाही. म्हणजे जो एकटा न विचारता द्यायला तयार त्याचेच घेता येईनात. त्याला हे समजावण्यात माझा एक अख्खा रविवार गेला आणि आता त्याला वाटतं आम्ही त्याला परका समजतो.

पण खरे भेटले ते पोवई नाक्याजवळचे हार्डवेअरवाले शेठ. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, खिळे तोलता तोलता विचारलं, घाट आहे का? म्हटलं आहे, दहा किलोमीटर चढ, दहा उतार. ते म्हणाले, "सपाटीचे पाच रुपये किलोमीटर. चढाचे दहा. उताराचे काही नाही."

"शेठ, उतारालाही बॅलन्स लागतो."

"उताराचे पैसे कशाचे हो? उताराला दगड पण जातो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. वहीत लिहून घेतलं.

प्रॅक्टिस यवतेश्वराच्या घाटात. मी बहुतेक वेळा पहिल्या मोठ्या वळणापर्यंत, तिथून पुढे कणसं. ढापण्याने गूगल करून सांगितलं की हायवानचा माथा समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या आसपास आहे, आणि आपलं सातारा शहरच त्याच्यापेक्षा उंचावर, म्हणजे आपण जन्मापासूनच तो घाट चढून बसलोय. ह्या शोधानंतर प्रॅक्टिस बंद पडली. समुद्रसपाटीपासून म्हणजे खरंच समुद्रापासून सुरुवात करायची असते हे घाटाखालच्या लांग को गावात समुद्रात पाय भिजवून निघालो तेव्हा कळलं.

तिकडे गाड्या उजव्या हाताने चालतात. मी सारखा डावीकडे सरकायचो आणि समोरून येणारी स्कूटरवरची बाई न चिडता, हॉर्न न वाजवता मला वळसा घालून जायची, म्हणजे जास्तच लाज वाटायची. हुएला सकाळी ढापण्याने हॉटेलात जाऊन मोठ्याने "चाय, चाय" केलं तर मशरूम आणि टोफूचं भाताचं ताट आलं, कारण त्यांच्याकडे तसल्या उच्चाराचा अर्थ शाकाहारी. तो उपाशी असल्याने जेवला, वर म्हणाला चहा छान होता.

घाटात आता ट्रक नसतात, २००५ मध्ये खालून सहा किलोमीटरचा बोगदा झालाय, वर आमच्यासारखे हौशी आणि पेट्रोलचे टँकर. आपल्या खंबाटकीचीच आठवण. बोगद्यातून सायकल चालवता येत नाही, गाडीत घालून नेतात, हे कळल्याबरोबर डॉक्टरने त्या गाडीचं भाडं विचारून घेतलं, नुसतं माहितीसाठी म्हणाला. सातव्या किलोमीटरला माझ्या पोटरीत गोळा आला. एक शेळी रस्त्याच्या कडेने माझ्या बरोबरीने चालत होती, मग तिलाच कंटाळा आला आणि ती पुढे गेली. मी उतरलो आणि सायकल हाताने ढकलायला लागलो, खाली निळा समुद्र, वर ढग, मधे मी आणि माझा आवाज. माथ्यावर १८२६ सालची दगडी वेस आणि लढाईच्या काळातले बंकर आहेत, मी एका बंकरच्या सावलीत आडवा झालो, इतिहास त्यानंतर बघितला. पलीकडचा उतार वीस-पंचवीस मिनिटांत संपला आणि जन्मभर लक्षात राहील असा होता. फुकट. दा नांगचा आग ओकणारा ड्रॅगनचा पूल वीकेंडलाच ओकतो, आम्ही पोचलो मंगळवारी.

परत आल्यावर हिशेब केला तर सतरा सायकलींचे जमले होते. उरलेल्या तीन बायकोच्या भिशीने दिल्या, एका दुपारी, साबुदाणा वडे खाता खाता. ती काही बोलली नाही, फक्त पावती फ्रिजवर लावून ठेवली.

शेठकडे वसुलीला गेलो. एकशेदहा सपाटीचे साडेपाचशे, दहा चढाचे शंभर, साडेसहाशे झाले म्हटलं. त्यांनी मोबाईल काढला. मॉनिटरने लाइव्ह ट्रॅकिंगची लिंक सगळ्या स्पॉन्सरना पाठवली होती, हे मला त्या क्षणी कळलं.

"हे इथनं इथपर्यंत तीन किलोमीटर स्पीड चारचा दाखवतंय."

"चढ होता शेठ."

"ढकलली ना?"

मी गप्प.

"मग ते चालणं झालं," म्हणाले आणि गल्ल्यातून सहाशे वीस मोजून दिले. "पावती ऐंशी-जीची करा. आणि ढकललेल्याचे तीस कापलेत, तसं मागं लिहा, नायतर पुढच्या वेळी म्हणाल शेठनं कमी दिले."