नाही म्हणायला शिका (उपस्थिती अनिवार्य)

दरवर्षी एक पत्र येतं. महिला अधिकारी-कर्मचाऱ्यांसाठी दोन दिवसांची वार्षिक प्रशिक्षण परिषद, नामनिर्देशन तात्काळ पाठवावे. पत्र हातात पडतं आदल्या दिवशी दुपारी आणि त्यावरची तारीख असते तीन आठवड्यांपूर्वीची, मधले तीन आठवडे ते कुणाच्या टेबलावर पडून होतं हे विचारायची आपल्यात पद्धत नाही. आमच्या सरकारी ऑफिसात आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं-आदेश सांभाळणाऱ्या शाखेत, मीच बसते, त्यामुळे पत्र माझ्याकडेच येतं, टिपणी मीच ठेवते, आणि साहेब चष्म्यावरून बघत म्हणतात, "मॅडम, मागच्या वेळी तुम्हीच गेला होतात ना? मग तुम्हीच जा, अनुभव आहे तुम्हाला."

झालं. मग स्वतःच्याच कार्यमुक्तीचा आदेश स्वतःच टाइप करायचा, स्वतःलाच एक प्रत द्यायची आणि मिळाला म्हणून पोच पण स्वतःचीच घ्यायची.

हॉलमध्ये शिरताना तीन रजिस्टरं. तिन्हीत तेच, नाव, पदनाम, कार्यालय, मोबाइल, सही. पेन एक, तो दोऱ्याने टेबलाला बांधलेला, आणि दोरा पहिल्या रजिस्टरपर्यंतच पुरतो. मग एक पिशवी मिळते, तिच्यात पॅड आणि न उठणारं पेन.

पहिलं लेक्चर टाइम मॅनेजमेंटचं. सरांनी फळ्यावर चार चौकोन काढले, तातडीचं आणि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण तातडीचं नाही, वगैरे, आणि म्हणाले आपली कामं यात बसवा. आता आमच्याकडे साध्या पत्रावर 'तात्काळ' असतं, जरा बऱ्या पत्रावर 'अतितात्काळ' आणि खरंच घाई असली की 'कालमर्यादित', म्हणजे तीन चौकोन बसल्या जागी रिकामे. मागून एकीने विचारलं, "सर, विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नाचं उत्तर कुठल्या चौकोनात?" सरांनी फळ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं, आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

माझ्या शेजारची बाई सुवाच्य अक्षरात 'प्राधान्यक्रम' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारत होती आणि त्याच वेळी ओढणीत तोंड लपवून फोनवर सांगत होती, "निळ्या फाइलच्या खाली हिरवी, तिच्या आत गणिताची वही." घर आणि ऑफिस एकाच वाक्यात. टाइम मॅनेजमेंट मी शिकले ते इतकंच.

मग 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यावर एक वकील मॅडम बोलल्या, त्या मात्र छान बोलल्या. तक्रार साधारण 3 महिन्यांत करायची, चौकशी 90 दिवसांत संपवायची, हे सगळं न बघता. त्यांनी विचारलं, या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती कुणाकुणाच्या ऑफिसात आहे? सगळे हात वर. सदस्यांची नावं कुणाला माहितीयेत? भराभर हात खाली, माझा तेवढा वर. त्यांना फार कौतुक वाटलं. आता त्यांना काय सांगणार, कायद्याने समितीत निम्म्या तरी बायका लागतात आणि आमच्या ऑफिसात बायका आहेत चार, तेव्हा चौघीही समितीवर. आणि एकदा यादी तयार आहे म्हटल्यावर तीच यादी स्वागत समितीला, निरोप समारंभाला आणि रांगोळीलाही चालते.

दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यक्रम, 'ठामपणे नाही म्हणायला शिका'. जोड्या करून सराव. एकीने काम सांगायचं, दुसरीने नकार द्यायचा, कारण न देता, सॉरी न म्हणता, न हसता. माझ्या जोडीदारीण बाईंना रिटायरमेंटला 2 वर्षं राहिलेली. मी काम सांगितलं, त्या "नाही" म्हणाल्या आणि लगेच कुजबुजल्या, "पण तशी निकड असेल तर करून देईन हं." प्रशिक्षक मॅडमनी माझ्या नकाराला दहापैकी नऊ दिले, सगळ्यांसमोर उभं केलं, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या थांबायच्या आत आयोजक माइकवर आले, "या मॅडमना छान बोलता येतं, समारोपाचं आभारप्रदर्शन त्याच करतील." मी केलं. गेल्या वर्षी पण मीच केलं होतं, फक्त पाहुण्यांची नावं बदलली.

खरं ज्ञान हॉलबाहेर, बेसिनच्या रांगेत. तिथे त्या 2 वर्षंवाल्या बाई काय पेटल्या होत्या म्हणून सांगू! बालसंगोपन रजा केंद्र सरकारवाल्यांना सगळ्या नोकरीत मिळून 730 दिवस आणि आपल्याला, राज्यवाल्यांना, 180, म्हणजे काय आपली पोरं लवकर मोठी होतात का? प्रमोशन झालं की वेतननिश्चितीचा विकल्प एक महिन्याच्या आत द्यायचा असतो, नवा पगार लगेच ठरवायचा की पुढच्या वेतनवाढीपासून, तो कुणी आपणहून विचारत नाही, आपणच लिहून द्यायचा आणि पोच घ्यायची. तीन जणींनी ते न उठणाऱ्या पेनने लिहायचा प्रयत्न केला, शेवटी मी तळहातावर लिहिलं.

जाताना प्रमाणपत्र मिळालं. जाड कागद, सोनेरी बॉर्डर, 'महिला प्रशिक्षण परिषद' अशी ठळक अक्षरं आणि खाली माझ्या नावाआधी 'श्री.'. टेबलवरच्या मुलाला दाखवलं तर तो म्हणाला, "मॅडम, फॉरमॅटच तसा आहे." आता याची नोंद सेवापुस्तकात घ्यायची आणि नोंद घेणारी मीच, म्हणजे माझ्याच हाताने मला श्री. करायचं. दुरुस्तीसाठी पत्र केलं, साहेबांपुढे ठेवलं, त्यावर शेरा आला, 'चर्चा करावी'.

चर्चेला गेले तर साहेब खूश. "या या, ट्रेनिंग करून आलात ना, मग आता अंतर्गत समितीचा वार्षिक अहवाल तुम्हीच करा, आणि पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालनही."

मी खुर्चीचा हात धरला. कारण द्यायचं नाही. सॉरी म्हणायचं नाही. हसायचं नाही.

"सर, नाही."

"नाही ना?" साहेब पेनाचं टोपण काढत म्हणाले. "मग मी तसंच लिहितो." आणि त्यांनी फाइलवर लिहिलं, 'मॅडमची हरकत नाही.'